गुडघा दुखतोय, एक्स-रे नॉर्मल आलाय, आता पुढचा फोटो कुठला काढायचा?

मी गोव्यात फोंड्याकडे एका स्कॅन सेंटरात टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, रिपोर्ट मी लिहीत नाही, औषध तर कधीच सांगत नाही, पण दिवसाला सात-आठ गुडघे तरी माझ्या हाताखालून जातात आणि त्यातल्या निम्म्यांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द असतात, नी पेन. उजवा की डावा हेसुद्धा कधीकधी मलाच विचारावं लागतं. पेशंट म्हणतो, बाई डॉक्टरांनी सगळं लिहिलंय ना त्यात. नाही हो लिहिलेलं.

साधी झीज, लिगामेंट तुटणं, गादी फाटणं हे सगळं चिठ्ठी कोरी असली तरी बहुतेक वेळा सापडतं. अडतं ते नेहमीच्या यादीत न बसणाऱ्या गुडघ्यांचं. वर्षभर झीज म्हणून गोळ्या खाल्ल्या, फिजिओ झालं, कोणी सांगितलं म्हणून तेलही चोळलं, आणि दुखणं निघालं भलतंच. अशा गुडघ्याचा फोटो काढणं हे सोपं काम आहे, कुठला काढायचा आणि मशिनला नेमकं काय विचारायचं यात सगळी मेख आहे. मशिन विचारलेल्याचंच उत्तर देतं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं तेही घरच्याच गुडघ्यावर, ते पुढे सांगते.

तर पहिलं काम घरी. डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री एका कागदावर लिहून काढा. एका बोटाने दाखवता येतं का कुठे दुखतं? आतल्या बाजूला, बाहेरच्या, वाटीच्या पुढे, की मागे लवणीत? लोक अख्खा पंजा गुडघ्यावर फिरवतात आणि म्हणतात असं सगळंच, त्याचाही अर्थ असतो, अख्खा पंजा फिरवणाऱ्याचा कधीकधी गुडघा दुखतच नसतो, खुबा किंवा मणका दुखत असतो. मग हळूहळू सुरू झालं की एका क्षणी, म्हणजे तारीख आठवते का, टक् असा आवाज आला होता का. रात्री झोपेतून उठवतं का. सूज येते-जाते की आली ती राहिलीच. गुडघा मध्येच अडकतो का. पाणी काढलं असेल तर ते कुठल्या रंगाचं होतं, हे तर लिहाच लिहा, कारण काही दुखण्यांत अर्धं निदान त्या सिरिंजमध्येच असतं आणि पेशंट ते सांगायला विसरतो. स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का, कोविडच्या वेळी वगैरे, आणि फेणी-बिअर किती, खरं सांगा, मी तुमच्या बायकोला सांगायला येत नाही.

दोन गोष्टींत मात्र कागद-बिगद काही नको, सरळ कॅज्युअल्टी गाठा. गुडघा तापलेला, लाल, टम्म सुजलेला, सोबत ताप आणि पाय टेकवत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि त्याला एमआरआयची अपॉइंटमेंट नाही, सुई घालून पाणी तपासायला लागतं, त्याच दिवशी. आणि दुसरं म्हणजे पोटरी एकाएकी सुजून दगडासारखी झाली तर. लवणीतली पाण्याची गाठ फुटली तरी असंच दिसतं आणि शिरेत रक्त गोठलं तरी असंच दिसतं, वरून फरक कळत नाही, रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीने कळतो.

आता एक्स-रे. लोकांना वाटतं एक्स-रे जुनापुराणा, डायरेक्ट एमआरआय काढून मोकळं व्हावं. तसं करू नका. रॉन्टगेनने १८९५ मध्ये शोधलेल्या किरणांचं हे यंत्र हाडाच्या बाबतीत आजही पहिला नंबर आहे, आणि विचित्र दुखण्यांत तर जास्तच, कारण कॅल्शियम, हाडाची कड, हाडातलं भोक हे एक्स-रेवर जे चटकन दिसतं ते एमआरआयवर कधीकधी डोळ्यांसमोर असून निसटतं. रेडिएशनला घाबरू नका, गुडघ्याच्या एक्स-रेत ते फारच थोडं असतं, पण पोटात बाळ असेल तर आधी सांगायचं, हे आहेच.

फक्त एक्स-रे नीट काढून घ्या. उभ्याने. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट छान मोकळी दिसते, कारण वर वजनच नसतं, आणि तोच माणूस उभा राहिला की हाड हाडाला टेकलेलं दिसतं. दोन्ही गुडघे एकाच फोटोत घ्या, दुखत नसलेला सुद्धा, तुलनेला तुमच्याच अंगातला दुसरा गुडघा असताना आणखी काय पाहिजे. एक बाजूने, आणि वाटीसाठी एक वेगळा, ज्याला आम्ही स्कायलाइन म्हणतो, गुडघा वाकवून वाटीच्या कडेने किरण सोडतात. पन्नाशीच्या पुढच्यांचा अजून एक, उभ्याने गुडघा पंचेचाळीस अंश वाकवून मागून काढलेला, सरळ पायाच्या फोटोत न दिसणारी मागच्या भागातली झीज त्यात पकडली जाते. आणि दहा ते वीस वयाचा खेळणारा पोरगा किंवा पोरगी असेल, गुडघा अडकत असेल, तर टनेल व्ह्यू मागा. या वयात मांडीच्या हाडाच्या आतल्या गोळ्याचा एक तुकडा कूर्चेसकट सैल होतो, तो समोरून काढलेल्या साध्या फोटोत लपतो आणि टनेलमध्ये खळगा पडलेला दिसतो.

याच साध्या एक्स-रेत कायकाय सापडलंय बघा. वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा सुटा दिसला की लोक फ्रॅक्चर म्हणून प्लास्टर घालून घेतात, पण कित्येकदा ती वाटी जन्मापासूनच दोन तुकड्यांची असते. कड गुळगुळीत, गोलसर, आणि दुसऱ्या गुडघ्यातही बऱ्याचदा तसंच, म्हणून म्हटलं दोन्ही काढा. तशी वाटी आपण होऊन क्वचितच दुखते पण मार लागल्यावर दुखू शकते. साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे सांध्यात पसरलेले दिसले तर सांध्याच्या अस्तरातून कूर्चेचे गोळे सुटतायत असं दुखणं असतं, मात्र त्या गोळ्यांत कॅल्शियम भरलं नसेल तर एक्स-रे कोराच दिसतो आणि मग एमआरआय लागतो. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा अचानक गरम होऊन सुजला आणि गादीच्या जागी बारीक पांढरी रेघ दिसली, तर ते गाऊटचं भावंड, क्षारांचं दुखणं.

आणि टीबी. आपल्याकडे हे नाव काढलं की घरचे म्हणतात छे, खोकला कुठेय. हाडांच्या टीबीत मणका आणि खुब्याच्या खालोखाल गुडघाच लागतो आणि खोकला असायलाच पाहिजे असं काही नाही. एकच गुडघा, महिनोन् महिने सूज, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळचा बारीक ताप. एक्स-रेत सांध्याजवळचं हाड विरळ झालेलं, कडा कुरतडलेल्या, पण मधली फट मात्र बराच काळ शाबूत, असं तिन्ही एकत्र दिसलं की रेडिओलॉजिस्ट लगेच सावध होतात. पक्कं होतं ते अस्तराचा तुकडा तपासल्यावरच, फोटोवरून टीबीची औषधं सुरू करून घेऊ नका.

आता एका पोराची गोष्ट. तेरा वर्षांचा, अंगाने जरा भरलेला, शाळेच्या टीमचा गोलकीपर. दोन महिने गुडघा दुखतोय, चिठ्ठीवर नेहमीचं नी पेन. समोरून फोटो काढताना आम्ही पाय किंचित आत वळवतो म्हणजे वाटी बरोबर छताकडे येते. ह्याचा पाय आत वळेचना. मी पावलाला वाळूची पिशवी लावली, जेवढा आला तेवढ्यावर फोटो काढला, गुडघा स्वच्छ, रिपोर्ट नॉर्मल, घरी पाठवला. तीन आठवड्यांनी परत तोच, तीच चिठ्ठी, यावेळी लंगडत आणि पाऊल बाहेर फेकत चालत आला. टेबलावर घेतला, पाय आत वळवायला गेले आणि त्याने माझा हातच धरला. आणि मला एकदम ती वाळूची पिशवी आठवली. गुडघ्याच्या दुखण्याने अख्खा पाय आत वळायचा थांबत नाही, पाय वळतो तो खुब्यातून.

डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ताबडतोब खुब्याचा फोटो सांगितला, आणि त्याची आई बाहेरून आत येऊन विचारतेय, धोंपर दुखता ताचें, आनी तूं कमराचो फोटो कित्याक काडटा गो? म्हणजे गुडघा दुखतोय त्याचा, तू कमरेचा फोटो कशाला काढतेस गं? काढला. मांडीच्या हाडाच्या मानेच्या वरच्या कडेला पेन्सिलने सरळ रेघ ओढली की ती हाडाच्या टोपीला थोडं कापून गेली पाहिजे. डावीकडे कापत होती, उजवीकडे टोपीच्या बाहेरूनच निघून गेली. टोपी घसरली होती. त्याच क्षणापासून त्याला पाय टेकवू दिला नाही, व्हीलचेअर, तिथून गाडी, बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, आणि तिथे स्क्रू घातला. हे दुखणं वाढीच्या वयातल्या, साधारण दहा ते सोळाच्या पोरांना होतं, वजन जास्त असलेल्यांना जास्त, आणि त्यात कित्येकदा खुबा दुखतच नाही, फक्त गुडघा दुखतो, कारण दोघांकडे जाणारी नस एकच. तीन आठवडे मी त्या पोराला त्या पायावर चालू दिलं, हे मनातून जात नाही. म्हणून तुम्हाला सांगते, लहान मुलाचा गुडघा दुखतो आणि गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आहे तर खुब्याचा फोटो झाल्याशिवाय नॉर्मल हा शब्द ऐकून घेऊ नका, आणि दोन्ही खुबे एकाच फोटोत, कारण दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं. चार ते आठ वयाच्या पोरांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडायचं वेगळं दुखणं असतं, तेही असंच गुडघ्यात बोलतं.

मोठ्यांतही तसंच आहे. तिशी-चाळिशीचा माणूस, स्टेरॉइड झालेली किंवा दारू भरपूर, गुडघा दुखतो आणि मांडी घालून बसताना जांघेत ओढतं, तर खुब्याच्या गोळ्याचं रक्त बंद पडलेलं असू शकतं. सुरुवातीला एक्स-रे साफ असतो, एमआरआयवरच दिसतं.

बरं, खुबाही ठीक आहे, गुडघ्याचा एक्स-रेही ठीक आहे, तरी दुखतंच. मग तारीख बघा. काही दुखणी एक्स-रेवर यायला वेळ घेतात. आमच्या शेजारची मावशी पायी वारीला जाऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला, बोट ठेवू देईना. एक्स-रे नॉर्मल. साहजिक आहे, सततच्या चालण्याने हाडाला गेलेला केसासारखा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतच नाही, मग भरून यायला लागला की पांढरी पट्टी उमटते. एमआरआयवर तो पहिल्याच दिवसांत दिसतो, हाडाच्या आत सूज आणि मध्ये काळी रेघ. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत दुसरं एक असतं, काही मार नाही काही नाही, एका दिवशी आतल्या बाजूला अशी कळ येते की जिना उतरवत नाही. सांध्याच्या पृष्ठभागाखालचं हाड विरळ होऊन तिथेच चिरडतं. वेळीच कळलं तर काठी, वजन न टाकणं यावर बरंच निभावतं, आणि झीज समजून रोज चार किलोमीटर चालायला लावलं की ते हाड खचतं.

आता घरचा गुडघा. माझी आई, अठ्ठावन्न. चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्यांसाठी नारळ खवणत आदोळीवर बसली होती, उठताना लवणीत टक् झालं. तिने मला सांगितलं सुद्धा, अगो काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं वय झालं. एक्स-रेत थोडी झीज होतीच. तीन महिन्यांनी शेवटी एमआरआय काढला, आमच्याच सेंटरात, फॉर्म मीच भरला, आणि दुसऱ्यांना नावं ठेवणाऱ्या मी हिस्टरीच्या रकान्यात काय लिहिलं असेल? नी पेन. रिपोर्ट आला, आतल्या गादीच्या मागच्या भागात झिजेमुळे फाट. म्हणजे निम्म्या गोव्याच्या गुडघ्यात असते ती. मग ऑर्थोच्या डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, आवाज कुठे आला, आणि तिने लवणीत बोट ठेवलं. त्यांनी फिल्म तशीच परत पाठवली, सोबत एक ओळ, मागचं मूळ तुटलंय का बघा. रेडिओलॉजिस्टनी तेच फोटो परत उघडले. मी मागे उभी होते. बाजूने घेतलेल्या स्लाइसमध्ये गादी काळ्या त्रिकोणासारखी दिसत दिसत येते, आणि एका स्लाइसमध्ये ती नव्हतीच, जागा रिकामी, भूत असल्यासारखी, पुढच्या स्लाइसमध्ये परत हजर. गादी हाडाला जिथे खिळलेली असते तिथूनच उपटली होती आणि चार मिलिमीटर बाहेर सरकली होती. तीनच्या वर सरकली की ती गादी भार घेत नाही, असली काय नि नसली काय. फोटो तेच होते, एकही नवीन काढला नाही. खाली बसून कामं करणाऱ्या आपल्या बायकांत हे काही फार दुर्मिळ नाही, पण नाव फार कोणाला माहीत नाही, म्हणून पन्नाशीत लवणीत टक् झालं असेल तर चिठ्ठीवर रूट टेअर आहे का असा सरळ प्रश्न लिहून घ्या.

एमआरआयला येताना काय करायचं ते आता पटापट. चुंबक चोवीस तास चालू असतो, दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त, तेव्हा पेसमेकर, कानातलं कॉक्लियर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला, वेल्डिंगवाल्यांनो तुम्ही खास, हे दारातच सांगायचं. आधीच्या ऑपरेशनचे कागद आणा, टायटॅनियमची प्लेट बहुधा चालते पण कागद हवा. आणि बायांनो, सेफ्टी पिना. मंगळसूत्राला एक, बांगड्यांत तीन, ब्लाउजला दोन, साडीला किती ते देव जाणे, विचारलं की म्हणतात काढल्या सगळ्या. घरूनच मॅक्सी घालून या.

वीस ते तीस मिनिटं पाय हलवायचा नाही. गाठ असेल किंवा एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर आम्ही तिथे व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटपट्टीने लावतो, आतल्या तेलामुळे फोटोत तो पांढरा ठिपका येतो आणि रेडिओलॉजिस्टला कळतं की पेशंटचं बोट इथे होतं. सेंटरवाले विसरले तर तुम्ही मागा, कॅप्सूल कुठल्याही फार्मसीत मिळते. हलणारी गाठ असेल तर आधी ती कुठल्या स्थितीत वर येते ते दाखवा, झोपल्यावर ती आत पळते.

सिरिंजमधल्या रंगाची गोष्ट वर म्हटली ती इथे उपयोगाला येते. मार न लागता वारंवार गुडघा भरतो आणि पाणी तांबूस, गढूळ, चॉकलेटी निघतं, तर सांध्याचं अस्तरच गाठीसारखं वाढणारं एक दुखणं असतं, पूर्वी पीव्हीएनएस म्हणायचे, आता टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर. कॅन्सर नव्हे पण सोडलं तर हाड कुरतडतं. वारंवार रक्त झिरपून त्यात लोह साठतं, आणि लोहामुळे तो भाग एमआरआयवर काळा पडतो. त्यासाठी ग्रेडियंट एको नावाचा एक जादा क्रम, म्हणजे वेगळ्या पद्धतीने घेतलेली फोटोंची मालिका, चालवला की काळा डाग फुगल्यासारखा मोठा होतो आणि शंका फिटते. पण नेहमीच्या गुडघ्याच्या प्रोटोकॉलमध्ये तो क्रम असेलच असं नाही, मला पाण्याचा रंग कळला तर डॉक्टरांना विचारून चार मिनिटं जास्त लावता येतात. उलट, गुडघ्याच्या वरच्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारखी चरबी वाढलेली असते असंही एक दुखणं आहे, ती चरबी विझवणाऱ्या क्रमात अख्खीच्या अख्खी काळी होते आणि निदान तिथल्या तिथे संपतं. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन सरसकट लागत नाही, गाठ, इन्फेक्शन, टीबीची शंका असली तर लागतं, आणि त्याआधी किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट बघतात.

सीटी कधी? एक दुखणं त्याच्यासाठीच जन्माला आलंय. विशी-पंचविशीतला मुलगा, रात्री दोनला दुखण्याने उठतो, अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी घेतली की अर्ध्या तासात गाढ झोप, दिवसा बराचसा ठीक. हाडात दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा छोटा एक दाणा असतो, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. एमआरआयवर त्याच्या भोवतीची सूजच एवढी मोठी दिसते की इन्फेक्शन किंवा भयंकर गाठ आहे असं वाटून घरात रडारड होते, आणि दाणा त्या सुजेत हरवतो. बारीक कापाची सीटी काढली की तो वाटाण्यासारखा स्वच्छ दिसतो, मग सीटीतच सुई नेऊन रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळतात. गाऊटसाठी दोन एनर्जीची सीटी असते, युरिक अ‍ॅसिडचे साठे त्यात बहुधा हिरवे रंगवलेले दिसतात, पण प्रत्येक सेंटरात ती नसते.

सोनोग्राफी लोक पोटाचीच समजतात. गुडघ्याच्या आत खोल तिला दिसत नाही, गादी आणि आतल्या लिगामेंटसाठी ती नकोच, पण लवणीतली गाठ पाण्याची आहे की भरीव की चक्क धमनीचा फुगा, हे ती दोन मिनिटांत सांगते. म्हणून लवणीतल्या गाठीत कोणी सुई घालायच्या आधी तिच्यावर डॉपलर फिरवून घ्या, मी गंमत करत नाहीये. आणि तिचा मोठा फायदा म्हणजे ती हलता गुडघा बघते. वाकवताना काहीतरी सटकतं, खट् होतं, हे एमआरआयच्या स्तब्ध फोटोत दिसणार कसं? चालताना पोटरी भरून येते, थांबलं की पाच मिनिटांत ठीक, असं तरुण फुटबॉलवाल्याचं असेल तर पायाची हालचाल करून धमनीचा डॉपलर करतात, स्नायूत ती आवळली जात असते.

रिपोर्ट हातात आल्यावर गूगल उघडायच्या आधी एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे, दुखतंय की नाही न बघता, गुडघ्याचे एमआरआय काढले, ते २००८ मध्ये छापून आलं. ज्यांच्या गादीत फाट सापडली त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात काहीच दुखलं नव्हतं. म्हणजे रिपोर्टात फाट आहे म्हणून दुखणं तिचंच असं धरू नका, आणि ऑपरेशनला तर लगेच हो म्हणूच नका. तुमचा तो कागद आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, माझं बोट जिथे आहे तिथेच हे आहे का, रात्रीचं दुखणं ह्याने होतं का. जुळत नसेल तर फोटो परत वाचायला द्या, बहुधा नवीन काढायची गरज पडत नाही. रिपोर्टाखाली क्लिनिकल कोरिलेशन, म्हणजे पेशंटच्या त्रासाशी ताडून बघा, असं लिहिलेलं असतं ना, ते हात झटकणं नसतं, मला गोष्ट कळली नव्हती हो, एवढंच ते सांगत असतात.

हाडातच गाठ दिसली, विशेषतः पोरगं वयात येतंय आणि गुडघ्याच्या वर-खाली हाड सुजलंय, तर मात्र क्रम मोडू नका. आधी पूर्ण एमआरआय, मग बायोप्सी, आणि बायोप्सी तिथेच जिथे पुढे ऑपरेशन होणार, मग ती बांबोळी असो की मुंबईचं टाटा. गावातल्या गावात कोणी बघू म्हणून चिरा मारला की गाठीच्या पेशी त्या वाटेने पसरतात आणि वाचणारा पाय जाऊ शकतो.

गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड कुठल्या तपासणीला चालतं ते काउंटरवर आधीच विचारून घ्या. सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर सगळे स्लाइस नसतात, आईच्या वेळी ती रिकामी जागा फिल्मवर छापलेलीच नव्हती, कॉम्प्युटरवर सापडली. आणि फिल्म पावसाळ्यात कपाटावर ठेवू नका हो, आपल्याकडच्या दमटपणात त्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना नेमका गुडघाच सोलून निघतो. मध्ये साधा कागद घालून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर मार्करने तारीख आणि उजवा की डावा.